बरणीतले बांधलेले पाणी

कोकणात फळांचा हंगाम येतो तो एकदम, आणि जातो तोही एकदम. एप्रिल-मे या दोन महिन्यांत आंबा, फणस, करवंद, जांभूळ, रातांबा अशी सारी फळे जणू शर्यत लावून पिकतात. ७ जूनच्या सुमारास मृग नक्षत्र लागते आणि पावसाचे चार महिने सुरू होतात. झाडावर उरलेल्या आंब्यांत अळ्या पडतात, फणस जमिनीवर पडून फुटतात आणि त्यांचा आंबूस वास वाडीभर पसरतो. तेव्हा या सहा-सात आठवड्यांत जे हाती लागेल ते खाऊन संपवायचे, वाटून टाकायचे, नाहीतर टिकवायचे.

राजापूर तालुक्यातल्या आमच्या घराभोवती मी लहान असताना, म्हणजे १९८० च्या दशकात, पाच-सहा रायवळ आंबे, दोन बरके फणस, एक कापा आणि विहिरीच्या बाजूला रातांब्याची तीन झाडे होती. प्रत्येक रायवळाला नाव होते. शेंदऱ्या, खोबऱ्या, साखऱ्या. हापूस विकायला जाई. घरात रहायचा तो रायवळ. मे महिन्यात आजी आणि मोठी काकू पहाटेपासून रात्रीपर्यंत याच उद्योगात असत. अंगणात ताटांवर आंब्याच्या आणि फणसाच्या पोळ्या (आमच्याकडे त्यांना ‘साठं’ म्हणतात), सुपांत आमसुले, चुलीवर मुरांबा, माजघरात खारातल्या कैऱ्यांची बरणी. आम्हा मुलांकडे काठी घेऊन कावळे हाकलण्याचे काम असे, आणि कावळ्यांपेक्षा आम्हीच जास्त साठं पळवीत असू. पण हा सगळा खटाटोप काही हौसेचा नव्हता. जुलै-ऑगस्टात भाजी मिळणे कठीण होई आणि बाजाराचा रस्ता चिखलात जाई. तेव्हा पेजेबरोबर खारातली कैरी आणि आमसुलाचे सार हेच कित्येक दिवस जेवण असे. बरणी नासली तर त्या महिन्यातले तोंडीलावणे गेले, इतका सरळ हिशेब होता.

आता एक प्रश्न विचारतो. पावात सुमारे ३५ टक्के पाणी असते. चांगल्या मुरांब्यात साधारण ३० टक्के, म्हणजे जवळजवळ तेवढेच. मग पावसाळ्यात पावावर चार दिवसांत बुरशी येते आणि मुरांबा वर्षभर कसा टिकतो?

याचे उत्तर असे की, पाणी किती आहे याला फारसे महत्त्व नाही; त्यातले मोकळे किती आहे याला आहे. बुरशी आणि जीवाणू यांना जगायला पाणी लागते आणि ते त्यांना आपल्या पेशीच्या पातळ पडद्यातून आत ओढून घ्यावे लागते. बाहेरचे पाणी साखरेच्या किंवा मिठाच्या कणांनी अडवून धरले असेल तर ते आत येत नाही. उलट पेशीतलेच पाणी बाहेर जाऊ लागते. यालाच आपण परासरण म्हणतो. फ्रान्समध्ये नोले यांनी १७४८ साली डुकराच्या मूत्राशयाचा पडदा वापरून ते प्रथम दाखविले. कैरीच्या फोडींना मीठ चोळून ठेवले की तासाभरात परातीत पाणी जमते, हा त्याच प्रयोगाचा घरगुती अवतार.

पाणी किती मोकळे आहे हे मोजायचे कसे? पदार्थ बंद बरणीत ठेवावा आणि त्याच्यावरच्या हवेतील बाष्पाचा दाब मोजावा. त्याच तापमानाला शुद्ध पाण्यावर जो बाष्पदाब असतो त्याने या दाबाला भागावे. जो अपूर्णांक येतो त्याला ‘जलक्रियता’ म्हणू. शुद्ध पाण्याची जलक्रियता १. अन्नातल्या जंतूंची वाढ पाण्याच्या टक्केवारीवर नव्हे तर या आकड्यावर ठरते, हे १९५३ मध्ये डब्ल्यू. जे. स्कॉट या ऑस्ट्रेलियन संशोधकाने स्टॅफिलोकॉकस या जीवाणूवर प्रयोग करून मांडले. ताज्या फळाची जलक्रियता ०.९७ च्या वर असते. ०.९१ च्या खाली बहुतेक जीवाणू वाढत नाहीत, स्टॅफिलोकॉकस मात्र ०.८६ पर्यंत तग धरतो. ०.८० च्या खाली बहुतेक बुरशा थांबतात, आणि ०.६० च्या आसपास अगदी चिवट बुरशीही हात टेकते. आमच्या आजीचे ऊन, मीठ आणि साखर या तीन वेगळ्या युक्त्या दिसतात. पण तिन्ही हा एकच आकडा खाली आणतात.

साखरेचा हिशेब तुम्हीही करू शकाल. द्रावणातल्या एकूण कणांपैकी पाण्याचे कण किती, तेवढ्या प्रमाणात बाष्पदाब राहतो, हा राउल्ट यांचा नियम. ६५ ग्रॅम साखर आणि ३५ ग्रॅम पाणी घ्या. साखरेचा रेणुभार ३४२, पाण्याचा १८. ६५ भागिले ३४२ म्हणजे ०.१९, ३५ भागिले १८ म्हणजे १.९४. पाण्याचा वाटा १.९४ भागिले २.१३, म्हणजे ०.९१. प्रत्यक्षात साखरेचा रेणू आपल्याभोवती पाण्याचे काही रेणू धरूनही ठेवतो, त्यामुळे संपृक्त पाकाची जलक्रियता ०.८५ च्या जवळ येते. मीठ याहून तिखट निघते. त्याचा रेणुभार अवघा ५८.५, शिवाय पाण्यात विरघळताच त्याचे दोन आयन होतात. म्हणजे एक ग्रॅम मीठ सुमारे बारा ग्रॅम साखरेइतके कण पुरविते. संपृक्त मिठाच्या पाण्याची जलक्रियता ०.७५ आहे. त्याचा परासरण दाब काढला तर तो ३९० वातावरणांच्या घरात जातो! समुद्रात जवळजवळ चार किलोमीटर खोल गेल्यावर जेवढा दाब लागेल तेवढा. खारातल्या कैऱ्यांच्या बरणीच्या तळाशी न विरघळलेले मीठ दिसलेच पाहिजे, असा आजीचा आग्रह असे. तळाशी मीठ शिल्लक आहे याचा अर्थ द्रावण संपृक्त आहे. फोडींना आणखी पाणी सुटले तरी ते मीठ विरघळून आकडा ०.७५ वरच राखील.

हाच ०.७५ हा आकडा तुम्ही पावसाळ्यात रोज पाहता. हवेची सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की उघडे मीठ हवेतले बाष्प ओढून पाझरू लागते. खाली आली की पुन्हा कोरडे होते. (खडे मीठ याच्याही आधी ओलावते; त्यात मॅग्नेशियम क्लोराइड असते आणि ते फारच तहानलेले असते.)

मुरांब्याचे मात्र ०.८५ वर भागत नाही, कारण बुरशा त्याखालीही वाढतात. इथे कैरीचा आंबटपणा कामास येतो. आम्लात साखर उकळली की तिच्या काही रेणूंचे दोन-दोन तुकडे होतात, एक ग्लुकोज आणि एक फ्रुक्टोज. कण वाढले, जलक्रियता आणखी उतरली. शिवाय अशा मिश्र साखरेचे खडे लवकर बनत नाहीत, म्हणून मुरांबा वर्षभर रवाळ होत नाही. आणि पाक किती आटवायचा? एकतारी. बोट आणि अंगठा यांच्यामध्ये तुटणारी ती तार म्हणजे पाकाच्या दाटपणाची मोजणी होय. एकतारी पाक १०५ अंश सेल्सिअसच्या आसपास उकळतो आणि त्यात सुमारे ७० टक्के साखर असते. आमच्या घरात तापमापी फक्त तापासाठी होती, तीही ४२ अंशांपर्यंतची. पण तारेची पारख काही कमी अचूक नव्हती.

आता उन्हाकडे वळू, कारण यातला सर्वांत सुंदर भाग तोच आहे असे मला वाटते.

कोकणातला मे महिना कोरडा असतो असे कोणी म्हणेल काय? अंगातून घामाच्या धारा लागतात. ३० अंश तापमान आणि ७० टक्के आर्द्रता धरू. ३० अंशांना हवा जास्तीत जास्त ३१.८ मिलिमीटर पाऱ्याइतका बाष्पदाब धरते. त्याचे ७० टक्के म्हणजे २२.३ मिलिमीटर. आता जुलै घ्या. २७ अंश आणि ९० टक्के. २७ अंशांची मर्यादा २६.७ मिलिमीटर, त्याचे ९० टक्के २४. म्हणजे हवेतील बाष्प मे आणि जुलैमध्ये जवळपास सारखेच आहे! मग साठं मे महिन्यात वाळतात आणि जुलैत का कुजतात? कारण मे महिन्यात ऊन ताटाला तापविते. ताटाला लगटून असलेली हवा ५० अंशांपर्यंत तापली, तर तिची मर्यादा ९२.५ मिलिमीटर होते, बाष्प मात्र तेच २२.३ मिलिमीटर. भागाकार करा: २४ टक्के. बाजूच्या सावलीत ७० टक्के आर्द्रता असताना ताटापुरते राजस्थानचे वाळवंट तयार झालेले असते. जुलैत ढगांमुळे हे घडत नाही.

आता खर्चाकडे पाहा. एक किलो पाण्याची वाफ करायला सुमारे २४ लाख ज्यूल अप्रकट उष्णता लागते. मे महिन्याच्या स्वच्छ दिवशी एक चौरस मीटर जागेवर साधारण दोन कोटी ज्यूल उष्णता पडते. त्यातला तिसरा हिस्सा कामी आला तरी जवळजवळ तीन लिटर पाणी उडून जाईल. तेवढेच पाणी जुन्या चुलीवर उडवायचे तर तीन-चार किलो लाकूड जाळावे लागेल, आणि पावसाळ्याची लाकडे तर बेगमीची, मोजून रचलेली असत.

साठं घालण्याची पद्धतही विचार करण्याजोगी आहे. तूप लावलेल्या ताटात रसाचा पातळ थर पसरायचा, वाळला की दुसऱ्या दिवशी त्यावर दुसरा थर, असे पाच-सहा दिवस. एकदम जाड थर का घालू नये, असे मी लहानपणी विचारी, आणि ‘वाळत नाही रे’ एवढेच उत्तर मिळे. पाण्याचे रेणू घट्ट रसातून वाट काढीत पृष्ठभागाशी येतात. या विसरणाला लागणारा वेळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. २ मिलिमीटरचा थर एका दिवसात वाळत असेल, तर १० मिलिमीटरच्या थराला पाच दिवस पुरत नाहीत, पंचवीस लागतील. तोवर खालचा रस आंबून जाईल. वर सुकलेली साय पाणी आत कोंडते, ते वेगळेच. पाच पातळ थर पाच दिवसांत होतात. ‘वाळत नाही रे’ या शब्दांत हे सारे आले होते म्हणा.

वाळलेली साठं पावसाळ्यात कुठे ठेवायची? पदार्थ आणि हवा यांच्यात पाण्याची देवघेव चालूच असते. जुलैत ९० टक्के आर्द्रतेत साठं उघडे ठेवले, तर ते बाष्प ओढत ओढत स्वतःही ०.९ पर्यंत जाईल. आमच्याकडे चुलीच्या वर बांबूची मांडणी टांगलेली असे. साठं, आमसुले, सोललेल्या काजू-बिया, सारे तिच्यावर. तिथली हवा ३७ अंशांपर्यंत गरम राहिली असे धरा. ३७ अंशांची मर्यादा ४७ मिलिमीटर, हवेतले बाष्प २४. आर्द्रता ५१ टक्के! चिवटातल्या चिवट बुरशीची ०.६० ची सीमाही त्याच्या वर राहते. स्वयंपाकाचा धूर आणि जाळ चालू आहे तोवर हे कोठार विनाखर्च चालते. गॅस आला आणि या मांडण्या गेल्या. पत्र्याचे घट्ट डबे आले, तेही चांगलेच.

घरातल्या नियमांत विज्ञान असते असे म्हणणारे लोक पुष्कळ भेटतात. मला ते अर्धेच पटते. नियम एकेक करून तपासावे लागतात. बरणीत ओला हात किंवा ओला चमचा घालू नये, हा नियम पक्का. बरणी उन्हात खडखडीत वाळवून घ्यावी, पक्का. मुरांबा पूर्ण निवेपर्यंत बरणीला झाकण न लावता फडके बांधावे, हाही पक्का. आणि चौथा नियम होता: मासिक पाळी चालू असलेल्या बाईने किंवा मुलीने लोणच्या-मुरांब्याला शिवू नये, शिवल्यास तो नासतो.

१९८९ च्या मे महिन्यात एका संध्याकाळी वळवाचा पाऊस अचानक आला. अंगणातली वाळवणे आत घेण्याची एकच धावपळ उडाली. माझी चुलत बहीण, आमची ताई, तेव्हा चौदा वर्षांची होती आणि चार दिवस बाजूला बसलेली होती. पण सगळेच भिजते आहे हे पाहून तिने पडवीतल्या तीन बरण्या उचलून माजघरात नेल्या: दोन लोणच्याच्या, आणि एक त्याच दुपारी केलेल्या मुरांब्याची, अजून गरम असलेली. पावसाचे थेंब आत जाऊ नयेत म्हणून कोणीतरी तिच्यावर झाकण घट्ट बसविले. जुलैत मुरांब्याची बरणी उघडली तेव्हा वर पांढरी बुरशी आली होती. ठपका ताईवर आला. पुढची दोन वर्षे तिला कोणत्याही बरणीजवळ येऊ दिले नाही. पाकाची तार काकूखालोखाल तिलाच कळत असे.

आता पुरावा पाहा. ताईने तीन बरण्यांना हात लावला होता, नासली एकच. त्या बरणीत आणि इतर दोघींत फरक कशाचा? ती गरम होती आणि झाकलेली होती. गरम मुरांब्यातून वाफ निघते, थंड झाकणावर तिचे थेंब होतात आणि ते खाली टपकतात. वरच्या दहा ग्रॅम पाकावर पाच ग्रॅम पाणी पडले, तर तेथील साखर ७० टक्क्यांवरून ४७ टक्क्यांवर येते आणि जलक्रियता ०.९५ च्या आसपास चढते. हा पातळ पाक हलका असल्यामुळे वरच तरंगत राहतो. खालचा पाक इतका दाट की दोन्ही आपोआप मिसळायला दीर्घ काळ लागतो. म्हणजे मुरांब्यावर बुरशीसाठी पाण्याचे एक शेतच तयार झाले. बुरशीचे बीजाणू तर हवेत नेहमीच असतात, कोणाच्याही हातावर असतात, आणि त्या हाताची पाळी चालू आहे की नाही याचा त्यांच्या वाढीशी काडीचा संबंध नाही. झाकण फडक्याने बदलले असते तर बरणी वाचली असती. अनेक घरांत हा चौथा नियम आजही पाळला जातो, म्हणून हे सविस्तर लिहिले. वर्गात शिक्षकांनी हा विषय संकोच न करता घ्यावा, असे मला वाटते.

आमच्याकडे तेव्हा बुरशीचा वरचा थर काढून टाकीत आणि खालचा मुरांबा पुन्हा उकळून वापरीत. हे मात्र करू नये. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये एक लाखाच्या आसपास टर्की पक्षी मेले. त्यांच्या खाद्यातील शेंगदाण्याच्या पेंडीवर वाढलेल्या बुरशीचे विष त्याला कारण होते. त्याला पुढे अफ्लाटॉक्सिन हे नाव मिळाले. प्रत्येक बुरशी असे विष करतेच असे नाही, पण डोळ्यांना ते ओळखता येत नाही, बुरशीचे धागे दिसतात त्याहून खोल गेलेले असू शकतात आणि उकळल्याने अशी विषे सहसा नाहीशी होत नाहीत.

आणखी एक सावधगिरी. हल्ली प्रकृतीच्या काळजीने मुरांब्यात साखर कमी घालतात. अवश्य घालावी कमी. पण पाकात ४० टक्केच साखर राहिली तर राउल्टच्या नियमाने जलक्रियता ०.९७ वर येते. ती बरणी फडताळात ठेवण्याची नव्हे, फ्रीजमध्ये ठेवून थोड्या दिवसांत संपविण्याची झाली. तसेच बाटलीबंद रसाचे. आंब्याचा रस पुरेसा आंबट असतो, म्हणून भरलेल्या बाटल्या उकळत्या पाण्यात ठेवून निर्धोक करता येतात. फणस गोड असला तरी आंबट नसतो. सामू ४.६ च्या वर असलेल्या बंद बाटलीत क्लोस्ट्रिडियम बोट्युलिनम हा प्राणघातक विष करणारा जीवाणू वाढू शकतो आणि त्याचे बीजाणू साध्या उकळण्याला दाद देत नाहीत. घरी फणसाचा रस बाटलीत भरू नये. त्याची साठंच घालावीत.

रातांब्याचे सांगायचे राहिले. रातांब्याच्या सालीच्या वाट्या करून त्यांत साखर भरावी, बरणीत रचाव्या आणि बरणीला फडके बांधून ती उन्हात ठेवावी. चुलीची गरज नाही. आठवड्याभरात तळाशी माणकासारखा लाल रस जमतो. तेच अमृत कोकम. तो रस परासरणाने सालीतून बाहेर आलेला असतो. याच साली मीठ घातलेल्या स्वतःच्याच रसात पुन्हा पुन्हा बुडवून वाळविल्या की आमसुले होतात. एकाच झाडाखाली साखर, मीठ आणि ऊन या तिन्ही वाटा भेटतात.

जलक्रियता घरी मोजून पाहता येते. बाजारात आर्द्रता दाखविणारा लहान अंकीय हायग्रोमीटर स्वस्तात मिळतो. एका वाटीत साधे बारीक मीठ घेऊन त्यात थोडे पाणी घाला. मीठ चिखलासारखे ओले दिसले पाहिजे, पूर्ण विरघळता कामा नये. ही वाटी आणि हायग्रोमीटर घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत ठेवा. हायग्रोमीटरला मीठ लागू देऊ नका. चोवीस तासांनी आकडा ७५ च्या जवळ स्थिर व्हायला हवा. तसा झाला नाही तर फरक टिपून ठेवा. तेवढी तुमच्या उपकरणाची चूक. नंतर वाटी काढून, बरणी कोरडी करून, तिच्यात साठ्याचा बराचसा भाग बारीक तुकडे करून घाला आणि पुन्हा एक दिवस थांबा. मग मुरांबा, गूळ, पावाचा तुकडा, असे एकेक घेऊन आकडे एका वहीत लिहा. पावाचा आकडा घेताना एका दिवसाहून जास्त थांबू नका.